घाटातली गाडी : खर्च कोणत्या खाती?

आमच्या कॉलेजच्या आवारात हल्ली ज्या चारचाकी गाड्या उभ्या असतात, त्यांतल्या निदान तीन गाड्या जमिनीला इतक्या टेकलेल्या आहेत की गेटाजवळचा गतिरोधक ओलांडताना त्यांचे मालक आधी आतल्या मित्रांना खाली उतरवतात, मग गाडी तिरकी घालतात आणि श्वास रोखून पुढे जातात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. "घाटात बसते रे गाडी. चोर्ल्याच्या वळणावर हलत नाही बघ."

गेल्या डिसेंबरपर्यंत माझेही मत हेच होते. नुसते मत असते तर काही बिघडले नसते. पण त्या मताच्या जोरावर मी माझ्या आतेभावाला २१,८०० रुपये खर्च करायला लावले. दादा पणजीला नोकरीला आहे. दर शनिवारी रात्री चोर्ल्याने बेळगावला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे, हा त्याचा नेम. सोबत पुष्कळदा वहिनी आणि चार वर्षांची छोटी. गाडी सेकंडहँड, ७८,००० किलोमीटर फिरलेली. "वळणावर ती तरंगल्यासारखी वाटते, नावेत बसल्यागत," अशी त्याची तक्रार होती. मी तेव्हा मोबाईलवर इटलीतल्या घाटांतून धावणाऱ्या गाड्या पाहून पंडित झालो होतो. त्यामुळे निदान तयार होते : कंपनीचे सस्पेन्शन मऊ, म्हणून आखूड आणि कडक स्प्रिंगा घाल. स्प्रिंगा १८,५००, बसवण्याची मजुरी २,५००, अलाइनमेंट ८००. हिशेब मीच लिहिला, कारण घरातला कॉमर्सवाला मीच.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की बेळगावकराला घाट टाळता येत नाही. गोव्याला जायचे तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, नाहीतर खानापूर-लोंढ्यावरून अनमोड. सावंतवाडीला जायचे तर आंबोली. तिन्हीकडे पाऊस धो धो, तिन्हीकडे पावसाळ्यानंतर रस्त्याची चाळण होते. म्हणजे घाटात गाडी कशी वळते, हा आमच्यापुरता हौसेचा प्रश्न नाही. आजारी माणसाला बांबोळीला न्यायचे असते, परीक्षा असतात, लग्ने असतात. अशा रस्त्यावर गाडीची वळण्याची ताकद वाढवावी, हा विचार शंभर टक्के योग्य आहे. माझा वाद त्या विचाराशी नाही. वाद आहे तो खर्च कोणत्या खात्यावर पडतो, याच्याशी.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हांला महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला फरक शिकवतात. झिजलेली वस्तू पूर्वीसारखी करण्यासाठी केलेला खर्च महसुली. वस्तूची मूळ ताकद वाढवणारा खर्च भांडवली. कारखान्याचे गळके छप्पर दुरुस्त करणे वेगळे आणि नवा मजला चढवणे वेगळे. छप्पर गळत असताना मजला चढवणाऱ्याला काय म्हणावे, ते पुस्तकात दिलेले नाही.

आम्ही नेमके तेच केले होते.

पहिला आठवडा गाडी झकास वाटली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर स्टिअरिंग फिरवले की गाडी लगेच वळे, कलणे कमी झाले होते, दिसायलाही रुबाबदार. दादाने मला मिसळ खिलवली. मग एका सोमवारी मी त्यांच्याबरोबर पणजीला निघालो. गाडीत आम्ही पाच जण : दादा, वहिनी, छोटी, आत्या आणि मी. मागे तांदळाचे अर्धे पोते, भाजी आणि आत्याची वळकटी. घाट उतरू लागलो. गोव्याच्या बाजूला उतार आणि वळणे एकदमच अंगावर येतात. एका डाव्या वळणावर, बरोबर मध्यभागी, डांबर उखडलेले होते. दादाने ब्रेक लावला, गाडीने खालून "ठक्क" असा आवाज केला, आणि पुढची चाके डावीकडे वळलेली असतानाही गाडी सरळ उजव्या बाजूला निघाली. समोरून बस चढत होती. बसच्या ड्रायव्हरने आम्हांला आधीच पाहून बस थांबवली होती, एवढेच आमचे नशीब. दादाने ब्रेकवरचा पाय उचलला तशी गाडी आपल्या बाजूला परत आली. ड्रायव्हर काही बोलला नाही. त्याने फक्त हात वर करून पंजा हलवला, म्हणजे हळू. आत्या केरीपर्यंत रामरक्षा म्हणत होती. मी खिडकीबाहेर पाहत होतो, कारण दादाकडे पाहण्याची छाती नव्हती.

पुढच्या रविवारी गाडी आमच्या गल्लीजवळच्या जुन्या मेस्त्रींकडे नेली. हे मेस्त्री आमच्याशी मराठीत बोलतात, आपल्या पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि अडलेल्या नटबोल्टांशी हिंदीत. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "ह्ये काय करून ठेवलासा?" मग गाडी उचलून लोअर आर्मच्या बुशाजवळ लोखंडी पहार घालून दाबली. रबर फाटलेले होते, आर्म बोटभर हलत होता. पुढचे दोन्ही शॉकअप तेलाने माखलेले. ज्या दुकानात नव्या स्प्रिंगा घातल्या, तिथे त्या या जुन्या, रिकाम्या झालेल्या शॉकअपांवरच चढवल्या होत्या. मेस्त्री पोऱ्याला म्हणाले, "गाली रस्ते बिडबारदु." चाकाने रस्ता सोडता कामा नये. या विषयावर नंतर मी लायब्ररीत जे काही वाचले, ते सगळे या तीन शब्दांचे भाष्य आहे.

स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या कामात लोक गल्लत करतात. मीही करत होतो. गाडीचे वजन तोलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की ती लांबते, उंचवट्यावर दबते, आणि मग तिला एकटीला सोडले तर वरखाली झोके घेत राहते. ते झोके थांबवतो तो शॉकअप. नळीतल्या तेलातून एक दट्ट्या सरकतो, तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून कष्टाने जाते, झोक्याची शक्ती उष्णतेत जिरते. तेल गळाले किंवा झडपा झिजल्या की झोके थांबत नाहीत. चाक रस्त्यावर उड्या मारू लागते, आणि जे चाक क्षणभर हवेत आहे ते त्या क्षणी ना वळवू शकते ना थांबवू शकते. दादाला जी गाडी "मऊ" वाटत होती ती मऊ नव्हतीच. तिचे झोके आवरणारे कुणी उरले नव्हते. या झिजेची गंमत अशी की ती एका दिवसात होत नाही. घसारा जसा दरवर्षी थोडा थोडा होतो, तशी ती होते. फरक इतकाच की खतावणीत घसाऱ्याची नोंद पडते आणि इथे कुणी नोंद घेत नाही. ड्रायव्हरला सवय होत जाते. मग आपण सुधारलेली गाडी ताडून पाहतो ती झिजलेल्या गाडीशी. कारखान्यातून निघालेल्या मूळ गाडीशी तिची तुलना आपण कधी करतच नाही, कारण ती कशी होती हे सेकंडहँडवाल्याने पाहिलेलेच नसते.

आता गाडी खाली बसवण्याविषयी. त्यात तथ्य काहीच नाही असे नाही. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते, आणि टायरचा असा स्वभाव आहे की त्याच्यावर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून वजन जितके कमी सरकेल तितके चांगले. किती सरकते ते चार गोष्टींवर अवलंबून : गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा आणि चौथ्याने भागायचे. या यादीत स्प्रिंगचा कडकपणा नाही, हे पाहून मी चकित झालो होतो. कडक स्प्रिंगेने गाडी कलते कमी, पण एकूण सरकणारे वजन जवळजवळ तेवढेच राहते. पुढे किती आणि मागे किती याची वाटणी मात्र तिने बदलते.

आकडे घालून पाहू. समजा गाडी १,००० किलोची, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, चाकांतले अंतर १४५ सेंटिमीटर. २५ मीटर त्रिज्येचे घाटातले वळण, वेग ताशी ३० किलोमीटर. आतून बाहेर सरकणारे वजन सुमारे १०७ किलो. आता गाडी ३ सेंटिमीटरने खाली बसवा. वजन सरकेल सुमारे १०२ किलो. म्हणजे पाच-सहा किलोंचा फायदा. हीच खाली बसवलेली गाडी ३० ऐवजी ३१ च्या वेगाने त्याच वळणावर घाला : १०८ किलो. २१,८०० रुपयांची सगळी कमाई ताशी एका किलोमीटरमध्ये संपली! वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणून हे असे होते. ३० चे ४० केलेत तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो.

आणि त्या पाच-सहा किलोंसाठी दिले काय? चाकाची वरखाली होण्याची जागा. चाकाला वर जायला जी थोडकी जागा असते, तिच्या शेवटी रबराचा ठोकळा असतो. आखूड स्प्रिंगेने ती जागा आधीच खाल्लेली. त्यात पाच माणसे, तांदूळ, उतार, ब्रेक आणि खड्डा. ठोकळ्यावर आदळले की स्प्रिंग संपली. त्या क्षणी गाडी बैलगाडीसारखी कडक होते आणि पुढच्या टायरांची पकड एकदम सुटते. आमचा तो "ठक्क" आवाज तो होता. शिवाय आजच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कन्सल आणि झेफिर या गाड्यांनी रूढ केली. ती स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण गाडी फार खाली घेतली की तिचे खालचे आर्म उलट्या दिशेला तिरके होतात. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो, आणि कलण्याची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग, मग आणखी आदळणे. कर्ज फेडायला दुसरे कर्ज काढण्यासारखा प्रकार.

ज्यांच्याकडे १८,५०० नसतात ते याहून वाईट करतात. आहे तीच स्प्रिंग कापतात. स्प्रिंगेचे जितके वेढे कमी, तितकी ती कडक : सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर ती २० टक्क्यांनी कडक होते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. याच्या उलट दुसरे टोक म्हणजे खड्ड्यांना भिऊन वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबणे. त्याने गाडी उंच होते, वेढे मात्र अडकून पडतात, म्हणजे पुन्हा कडकपणाच. दोन्ही मंडळींची एकमेकांशी ओळख करून द्यावी असे मला नेहमी वाटते.

कलणे म्हणजे पकड सुटणे, हा समजच मुळात खोटा आहे. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएन कंपनीची २सीव्ही नावाची गाडी लोकांपुढे आली. शेतकऱ्याला नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली न फोडता नेता आली पाहिजे, अशी तिच्या रचनाकारांना अट घातली होती म्हणतात. ती गाडी वळणावर इतकी कलायची की बघणाऱ्याला वाटावे आता आडवी होणार. पण चाके रस्त्याला चिकटलेली असत. ब्रिटनच्या लोटस कंपनीची १९६२ ची एलान ही गाडी वळण्याच्या बाबतीत आजही नावाजली जाते, आणि तिच्या स्प्रिंगा मऊच होत्या. झोके आवरायला शॉकअप मात्र नीट जुळवलेले. शर्यतीचा रस्ता काचेसारखा असतो, तिथे कडक स्प्रिंग शोभते. कणकुंबीच्या पुढचा रस्ता काचेसारखा कधी होईल तेव्हा बघू.

मग भांडवली खर्च करूच नये काय? करावा, पण क्रमाने. सर्वांत आधी टायर. एकेका टायरचा तळहाताएवढा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. सगळे सस्पेन्शन त्या चार तळहातांसाठी आहे. मग बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट ही फुटकळ दिसणारी रबरे आणि सांधे. मग चारही शॉकअप, निदान जोडीने तरी. एकच बदलणे म्हणजे एका पायात चप्पल आणि एका पायात बूट. आणि शेवटी अलाइनमेंट. इथपर्यंतचा खर्च महसुली, आणि माझी खात्री आहे की दहांपैकी आठ जणांची हौस इथेच फिटेल. त्यानंतरही पैसे आणि हौस शिल्लक असेल तर मूळ उंची ठेवून चांगल्या दर्जाचे, जरा घट्ट शॉकअप घ्यावेत, किंवा स्टॅबिलायझर बारचा विचार करावा. हा बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. गाडी कलू लागली की तो पिळला जातो आणि कलणे रोखतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम वर गेली तर तो आड येत नाही, म्हणून स्प्रिंगेपेक्षा तो शहाणा. पण त्यातही जपूनच. दांड्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते : २० मिलिमीटरचा २२ केला तर ती ४६ टक्क्यांनी चढते. पुढे जाड बार घातला तर गाडी वळणातून बाहेर जायला पाहते, मागे घातला तर ओल्या रस्त्यावर शेपूट फेकू शकते. आंबोलीच्या जुलैतल्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

आमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळे खरे, पण खाली बसलेली गाडी छान दिसते. हे मला मान्य आहे. दिसतेच. तसे उघड म्हणावे आणि तो खर्च हौस या खाती टाकावा, त्याला सुरक्षिततेचे नाव देऊ नये. व्यापारी कायदा शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. स्प्रिंग बदलणे यात बसते की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद आधी रस्त्यावर हवालदाराशी आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीशी घालावा लागतो.

अर्थशास्त्राच्या सरांशी बोलताना त्यांनी मला सॅम पेल्टझमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९७५ मधला लेख सांगितला. गाड्या सुरक्षित केल्या की माणसे तितकी जास्त जोखीम घेऊन चालवतात आणि फायदा खाऊन टाकतात, असे त्याचे म्हणणे. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाला आणि ते सगळीकडे लागू नाही, असे दाखवणारेही निघाले. सीटबेल्टचे काय ते पंडित ठरवोत. स्प्रिंगांच्या बाबतीत मी स्वतः साक्षीदार आहे. त्या सोमवारी दादाच्या काट्यावर चाळीस होते. जुन्या, तरंगणाऱ्या गाडीत तो त्याच वळणावर तीसच्या वर कधी गेला नव्हता.

मेस्त्रींनी मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. सुदैवाने दादाने त्या भंगारात घातल्या नव्हत्या. चार शॉकअप ८,६००, बुश आणि लिंक रॉड २,९००, मजुरी ३,०००, अलाइनमेंट ८००. एकूण १५,३००, सुट्या भागांवरचा १८ टक्के जीएसटी धरून. आधीच्या २१,८०० ची नोंद मी बुडीत खाती केली आहे. जानेवारीत पुन्हा एकदा त्यांच्याबरोबर गेलो. त्याच वळणावर डांबर तसेच उखडलेले होते. गाडी थोडी कलली, "ठक्क" काही वाजले नाही, आणि छोटी झोपेतून जागी झाली नाही. काटा तीसवर होता.

आखूड स्प्रिंगा आमच्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. दुसऱ्या वर्षाचा एक जण त्या १०,००० ला मागतो आहे. दादा म्हणतो, देऊन टाक. मी अजून हो म्हटलेले नाही. मागचे दोन टायर बदलायचे बाकी आहेत आणि मिरगाचा पाऊस काही फार लांब नाही, तेव्हा पैशांची गरज तर आहेच. त्या मुलाला मी एकदा मेस्त्रींकडे घेऊन गेलो. गाडी उचलल्यावर पहिल्यांदा दिसले ते त्याच्या गाडीचे फाटलेले बुश.